कान तुटलेला कप

परवा आई पुण्याला आली होती, माझ्या नव्या भाड्याच्या फ्लॅटमधलं किचन लावून द्यायला. म्हणजे मी लावलंच होतं, पण तिच्या मते ते नुसतं 'ठेवलेलं' होतं, लावलेलं नव्हतं. त्यामुळे सकाळी नऊ वाजताच तिने सगळे डबे खाली उतरवले, पेपर पसरले आणि मांडी घालून बसली. मी टेबलवर लॅपटॉप घेऊन कॉलवर. मधेच म्यूट करून बघते तर कप वेगळे काढून झालेले. सहा ट्रेमधे, आणि एक निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, कान तुटलेला, सिंकच्या वरच्या खिडकीत उपडा. "हा मावशींना होईल," ती म्हणाली, "चांगला जड आहे, टाकवत नाही. पण कान तुटलाय ना, पाहुण्यांपुढे कसा ठेवणार." अगदी सहज, जिरं कुठल्या डब्यात भरलंय हे सांगावं तसं. मी म्हटलं, आई तो माझा कप आहे. तर म्हणे, "तुला कशाला तुटका? सहा आहेत की धड."

तेवढ्यात कॉलवर कोणीतरी माझं नाव घेतलं, मी अनम्यूट केलं, बोलले.

एवढंच झालं. पण ते उपडं निळं बूड दिवसभर डोळ्यासमोरून हलेना.

तो कप मला पहिल्यांदा मिळाला मार्च २०२३ मधे, जर्मनीतल्या ट्यूबिंगनला. मी तेवीस वर्षांची, बीकॉम झालेली, पुण्यात जर्मनचे क्लास करून एवन, म्हणजे पहिली पायरी, पास, सांगलीतून थेट ओ-पेअर म्हणून, म्हणजे तिथल्या एका घरात राहून पोरं सांभाळायला, उतरलेली. बाहेर पाऊस का बर्फ ते न ठरलेलं काहीतरी पडत होतं, घरात लाकडाचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि माझ्या होस्ट मॉमने मला किचन दाखवायला घेतलं. भिंतीवर पाच हुक होते. चार हुकांना चार कप, आईचा, बाबांचा, सहा वर्षांच्या थोरलीचा आणि तीन वर्षांच्या धाकट्याचा. पाचव्यावर हा निळा. "आणि हा तुझा," ती म्हणाली आणि हुकावरून काढून माझ्या हातातच दिला. तिचा चेहरा खरंच आनंदी होता. मी गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच डांके डांके म्हटलं. आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. मला वाटलं थकवा असेल, वीस तास झोप नव्हती. रात्री पांघरुणात पडल्यावर परत तेच. तुझा कप. तुझा वेगळा कप. आता इतक्या प्रेमाने कोणी काही दिलं तर त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे हे मला काही केल्या कळेना. नंतर कळलं की त्यांच्याकडे दिवसभर ज्याने त्याने आपलाच कप वापरायचा, म्हणजे घासायला भांडी कमी निघतात. साधी पद्धत. पण घशातलं कारण कळायला आणखी दोन-तीन आठवडे गेले.

ओ-पेअर हा शब्द फ्रेंच आहे, अर्थ साधारण 'बरोबरीच्या नात्याने'. म्हणजे तुम्ही नोकर नाही आणि पाहुणेही नाही. घरात राहायचं, पोरं सांभाळायची, थोडं घरकाम, बदल्यात राहणं-खाणं आणि पॉकेटमनी. पगार म्हणायचं नाही, पॉकेटमनी. मला महिना २८० युरो मिळायचे, काम आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, भाषेच्या कोर्सला थोडे वेगळे पैसे. खोली किती मोठी हवी याचाही नियम आहे, किमान ८ चौरस मीटर, खिडकी हवी, हीटर हवा. हे बाबांना इतकं आवडलं की पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला पावलांनी खोली मोजायला लावली. युरोपातल्या देशांनी १९६९ साली याचा एक करारही केलाय, त्यात म्हटलंय की ओ-पेअर म्हणजे विद्यार्थी पण नाही आणि कामगार पण नाही, दोन्हीचं थोडं थोडं असलेला वेगळाच प्रकार. कराराची भाषा म्हणून ठीक आहे, पण आईला सांगलीत लोकांना काय सांगायचं हा प्रश्न होताच. तिने तो तिच्या परीने सोडवला. "लँग्वेज कोर्सला गेलीय, तिथे एका फॅमिलीबरोबर राहते." खोटं एक अक्षर नाही. फक्त पोरांच्या शू-शीचा भाग गाळला. मामीने एकदा फोनवर विचारलं, "म्हणजे पेइंग गेस्ट का गं?" मी म्हटलं हो मामी, तसंच काहीतरी. फक्त पैसे उलट्या दिशेने येत होते.

तर ताई.

आई झेडपीच्या शाळेत होती, रोज एसटीने तासभर जाऊन यायची. बाबा एमएसईबीत. आजी होती पण तिचे गुडघे गेलेले. म्हणून मला सांभाळायला एक मुलगी ठेवली होती. मुलगीच म्हणायची, आता हिशेब केला तर चौदा-पंधराची असेल. सातवीनंतर शाळा सुटलेली. सकाळी आई निघायच्या आधी यायची, संध्याकाळी बाबा आले की जायची. मी तीन वर्षांची होते तेव्हापासून ते तिसरीत जाईपर्यंत. मला तिला ताई म्हणायला शिकवलं होतं. घरातले बाकी सगळे तिला नुसत्या नावाने हाक मारायचे, तीही अर्ध्या. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा मिळून एक वास यायचा आणि तो मला अजून कुठे कुठे अचानक येतो. ट्यूबिंगनला थंडीत लोक लाकडं पेटवायचे तेव्हा अर्धा वास यायचा, नुसता धुराचा, आणि मी उगाच बाकीच्या अर्ध्याची वाट बघत उभी राहायचे. ती मला कडेवर घेऊन मागच्या अंगणात फिरायची, मी चांगली जड होते तरी. सागरगोटे खेळायला तिने शिकवलं. भात कालवून घास करून चिऊचा काऊचा म्हणत तिनेच भरवला. आणि तिचा कप मागच्या दारच्या खिडकीत उपडा असायचा. पांढरा, कडेला गुलाबी रेघ, कान अर्धा तुटलेला. सोबत एक स्टीलची ताटली. चहा झाला की ती स्वतःच विसळून परत तिथेच उपडा घालायची. एकदा मी त्यातून पाणी प्यायले. मुद्दाम नाही, मोरीपाशी होते, तहान लागली, हाताला आला तो कप घेतला. आजीने बघितलं. ओरडली नाही फार, नुसतं म्हणाली, "त्यातलं प्यायचं नाही बाळा, तो तिचा वेगळा आहे." ताई तिथेच होती, कपड्यांच्या घड्या करत. तिने मान वर केली नाही.

तेच शब्द होते. तिचा वेगळा. फक्त सूर उलटा होता.

हे मला आठवलं ते धाकट्याला झोपवताना. त्याला गोष्टीशिवाय झोप यायची नाही, आणि माझं जर्मन इतकं तुटपुंजं की त्यांच्या जाड पुस्तकातल्या गोष्टी वाचताना मीच अडखळायचे आणि तो मला सुधारायचा. तीन वर्षांचं पोर 'डेर नाही डी' म्हणून तुमची चूक काढतं तेव्हा काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून मी त्याला चिऊ-काऊ सांगितली. चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं. शेणाला मला सभ्य शब्द येत नव्हता, जो येत होता तो त्यालाही येत होता, आणि तो गादीवर उड्या मारमारून हसला. पुढचे तीन महिने रोज तीच गोष्ट. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, चिऊताई चिऊताई दार उघड. थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब माझ्या बाळाला तीट लावू दे. तीट कसली सांगणार, मी क्रीम म्हटलं. एका रात्री त्याने विचारलं, "पण ती दार का उघडत नाही?" मी म्हटलं, ती बिझी आहे ना. तो म्हणाला, "रोज?"

आता शनिवारचं सांगते, म्हणजे मी दर वीकेंडला का भटकायचे ते कळेल. इन्स्टावर माझे फोटो बघून सांगलीच्या मैत्रिणी लिहायच्या, मज्जाय बाबा तुझी, दर आठवड्याला युरोप टूर. खरं कारण असं की शनिवारी घरात राहिलं तर सुट्टी लागायचीच नाही. कागदावर सुट्टी असायची. पण माझं दार आणि मुलांची खोली यात आठ पावलं अंतर, आणि सकाळी सातला छोटे छोटे ठोके पडायला लागायचे. आधी धाकट्याचे, मग थोरलीचे. मग होस्ट मॉमचा कुजबुजता आवाज, अरे तिला झोपू द्या, आज तिचा दिवस आहे. ती बिचारी खरंच प्रयत्न करायची. पण ठोके ऐकू आलेत आणि मी श्वास रोखून पांघरुणात पडून आहे, कुशीवरसुद्धा वळत नाहीये कारण पलंग वाजतो, ही काय सुट्टी झाली? बरं, दार उघडून पाच मिनिटं खेळलं तर तेही काम नाही, प्रेम. प्रेमाचे तास तीसमधे कोण धरणार. दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी अशीच पडले होते आणि दाराबाहेरून तो चक्क मराठीत म्हणाला, "चिऊताई, दार उघऽऽड." मी उघडलं नाही. आजतागायत हे कोणाला सांगितलेलं नाही. पाच मिनिटांनी तो गेला. त्यानंतरच्या शनिवारी मी पहिल्या बसने स्टेशनवर होते.

त्यात मे महिन्यात डॉइचलांडटिकीट आलं, ४९ युरोत महिनाभर देशभरातल्या सगळ्या लोकल नि रिजनल गाड्या, बस, ट्राम. आयसीई सारख्या फास्ट गाड्या सोडून. २८० मधून ४९ गेले तरी मी ते पहिल्याच दिवशी घेतलं. लोक म्हणायचे हळू गाड्या आहेत, चारदा बदलाव्या लागतात. मला तेच तर हवं होतं. गाडी जितकी हळू तितका वेळ कोणी दार वाजवणार नाही. खिडकीजवळची सीट, त्या निळ्या-करड्या कापडाचा जरासा कुबट वास, शेजारच्याच्या पावातल्या सॉसेजचा वास, सायकली घेऊन चढणारी म्हातारी जोडपी, आणि मांडीवर आईने पाठवलेल्या भडंगाची पिशवी. भडंग असं मोजून खायचे, एका स्टेशनाला एक मूठ. लांबच्या प्रवासात मुठी लहान व्हायच्या.

भाषेच्या क्लासमधे सगळ्या माझ्यासारख्याच. दोघी जॉर्जियाच्या, एक कोलंबियाची, एक केनियाची, एक मादागास्करची. आमचं सामाईक जर्मन म्हणजे अंगणवाडीचं जर्मन, आम्हाला 'नाक पूस', 'बूट घाल', 'थुंकू नको' हे अस्खलित यायचं आणि बँकेत गेलं की बोबडी वळायची. रविवारी कुठेतरी भेटून सगळ्यात स्वस्त आइस्क्रीम घ्यायचं आणि घरांचे हिशेब मांडायचे. एकीच्या घरी फ्रिजमधे तिला वेगळा कप्पा, त्यावर चिठ्ठी लावलेली. एकीला जेवताना टेबलावर बसायला जागा, पण पाहुणे आले की मुलांबरोबर आत. एकीची फॅमिली इतकी चांगली की तिच्या वाढदिवसाला तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांनी गाणं म्हटलं, आणि तीच सगळ्यात जास्त रडायची. माझी पाळी आली की मी म्हणायचे, माझी फॅमिली छान आहे. आणि ती होती. कपाचं मी कधी बोलले नाही. कोलंबियाच्या पोरीला मी ते कुठल्या तोंडाने समजावणार, की मला कप दिला म्हणून वाईट नाही वाटलं, आम्ही कसा दिला होता ते आठवलं म्हणून वाटलं.

उल्मला एकटीच गेले. प्लोखिंगनला गाडी बदलायची. तिथलं चर्च तेव्हा जगातलं सगळ्यात उंच, एकशे साडेएकसष्ट मीटर, वर जायला ७६८ पायऱ्या. त्या मी सगळ्या चढले नाही हे आधीच सांगते. गोल गोल अरुंद दगडी जिना, आपल्या सिंहगडाची सवय असलेल्या माणसाला वाटतं काय विशेष, पण सिंहगडावर निदान वारा असतो आणि मधे कोणीतरी ताक घेऊन बसलेलं असतं. पहिल्या सज्ज्यातच बसकण मारली. तिथून चर्चचं छप्पर दिसतं आणि छपरावर बरोब्बर मधोमध एक चिमणी. धातूची, चोचीत काडी. म्हणे चर्च बांधताना एक लांब तुळई वेशीतून आत जाईना, आडवी धरून धरून लोक थकले, वेस पाडायची वेळ आली, तेव्हा एक चिमणी काडी उभी धरून भिंतीतल्या फटीत शिरताना कोणीतरी बघितली आणि डोक्यात प्रकाश पडला. गावभर चिमण्याच चिमण्या, दुकानांत चॉकलेटच्या, साबणाच्या, चुंबकाच्या. मी धाकट्याला छपरावरच्या चिमणीचा फोटो पाठवला, होस्ट मॉमच्या फोनवर. दोन मिनिटात व्हॉइस नोट आली, "ती आता बाहेर आलीय का?" तिथे त्या उंचीवर, वाऱ्यात, भडंगाची पिशवी धरून मी हसले आणि मग एकदम पोटात खड्डा पडला. ज्याच्यापासून पळून आले त्याच्यासाठीच साबणाची चिमणी घेत होते, साडेचार युरोची.

ट्यूबिंगनमधे नदीकाठी एक पिवळा मनोरा आहे, पोस्टकार्डवर असतो तो. होल्डरलिन नावाचा कवी त्यात राहिला. वेडा ठरवून दवाखान्यातून सोडलेला, डॉक्टर म्हणाले फार दिवस नाहीत. एका सुताराने, त्सिमर त्याचं नाव, त्याला घरी नेलं, हे १८०७ साल. आणि तो माणूस पुढे छत्तीस वर्षं जगला. सुतार १८३८ मधे वारला. मग त्याची मुलगी लोटं, ती त्याला सांभाळायची, १८४३ मधे तो गेला तोपर्यंत. मी तिथे कवितेसाठी गेले नव्हते, कविता मला कळण्याइतकं जर्मन नव्हतं, आज तरी कुठे आहे. पाऊस आला म्हणून आत शिरले. पण लोटंपाशी अडकले. कारण हे सगळं फुकट नव्हतं. त्याच्या देखभालीचे पैसे यायचे, त्याच्या वारशातून, आणि बाप-लेकींनी त्याच्या घरच्यांना, नंतर पालकाला पत्रं लिहिलीत, हिशेबाची. एवढा खर्च झाला, इतकं येणं आहे, आणि त्याच पत्रात तो कसा आहे, बरा आहे की चिडचिडा. मला ते फार ओळखीचं वाटलं. मी पण होस्ट डॅडला शुक्रवारी मेसेज करायचे, या आठवड्यात ३३ तास झाले, आणि त्याच मेसेजमधे, धाकट्याने आज पहिल्यांदा स्वतः झिप लावली, सोबत फोटो. आधी तासांचं लिहायचे का झिपचं, यावर मी नेहमी दोन मिनिटं विचार करायचे. झिप आधी लिहिली तर तास मागताना लाज वाटायची. तास आधी लिहिले तर झिपेचं खोटं वाटायचं.

काल्फलाही गेले होते एका रविवारी, होर्बला गाडी बदलून नागोल्ड नदीच्या काठाकाठाने. झाडी इतकी दाट की डब्यात दिवे लागायचे. तिथल्या पुलावर हेर्मान हेसे या लेखकाचा पुतळा आहे, त्याचं जन्मगाव. त्याची आई मारी जन्मली होती आपल्याकडे, केरळात, मिशनऱ्यांच्या घरी. तिचे वडील गुंडर्ट, मल्याळम शब्दकोशवाले. तर ते आणि त्यांची बायको हिंदुस्थानात परतले तेव्हा चार वर्षांच्या मारीला युरोपात मागे ठेवून गेले. मिशनऱ्यांची तेव्हाची पद्धतच होती ती. मी पुलाच्या कठड्यावर डबा उघडून बसले आणि विचार करत होते, तिला कोणीतरी भरवलं असेल, वेण्या घातल्या असतील, रात्री दिवा मालवला असेल. तिचं नाव कुठे आहे का.

आणि मग गुरुवारच्या बाई. हे मला सांगायचंच आहे कारण नाहीतर हा लेख जर्मन लोक किती समान वागवतात आणि आपण किती वाईट असा होईल, आणि तसं नाहीये. त्या भागात केरवोखं नावाचा प्रकार असतो. बिल्डिंगमधे दर आठवड्याला एकेका घराची पाळी, जिना झाडायचा, समोरचा फूटपाथ झाडायचा, दारावर पाटी अडकवतात. आणि केर म्हणजे खरंच केर, मला उच्चार शिकावा लागला नाही. पीएचडी झालेली माझी होस्ट मॉम शनिवारी संध्याकाळी कुंचा घेऊन जिन्यावर असायची, आणि हे मी आईला सांगितलं तर आईने दोनदा विचारलं, "ती स्वतः?" पण दर गुरुवारी घर पुसायला, बाथरूम घासायला एक बाई यायच्या. बाल्कनमधल्या कुठल्याशा देशातल्या, पन्नाशीच्या, हाताला सतत लिंबाच्या लिक्विडचा वास. होस्ट मॉम मला 'डू' म्हणायची, म्हणजे तू, घरचीसारखी. त्यांना 'झी', म्हणजे तुम्ही, मानाने. मान होता. हुक नव्हता. त्या घरून थर्मास आणायच्या आणि बाल्कनीत उभ्याने प्यायच्या. कोणी त्यांना नको म्हटलं नव्हतं, आणि या म्हटलेलंही मी कधी ऐकलं नाही. एकदा मी म्हटलं, मी कॉफी करतेय, घ्याल? त्यांनी हुकांच्या रांगेकडे बघितलं, मग कपाटाकडे, आणि म्हणाल्या, आणलीय मी. मी माझा कप पुढे करू शकले असते. सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं, आणि मग वाटलं, माझा कप कसा देणार.

ऑगस्टमधे ते मला बोडनझे तलावावर सुट्टीला घेऊन गेले, "तू आमच्या फॅमिलीचाच भाग आहेस ना". पाच दिवस. पाणी हिरवंगार, पलीकडे आल्प्सची फिकट रेघ. मी सगळ्यांबरोबर पिझ्झा खाल्ला, सगळ्यांच्या फोटोत आहे, आणि पाच दिवस एकदाही पाण्याकडे पाठ केली नाही, कारण धाकट्याला पोहता येत नव्हतं. नक्की काय होतं ते, सुट्टी का काम, मी अजून ठरवू शकलेले नाही. ताईलाही आम्ही एकदा नरसोबाच्या वाडीला नेलं होतं. फोटो आहे. त्यात मी तिच्या कडेवर आहे आणि तिचा चेहरा माझ्या फ्रॉकमागे अर्धा झाकलाय.

निघताना थोरलीने निळा कप हुकावरून काढून तिच्याच दोन मोज्यांत गुंडाळून माझ्या बॅगेत टाकला. आईला न विचारता, म्हणजे तिच्या आईला. विमानात कुठेतरी कान तुटला. मुंबईत बॅग उघडली तेव्हा एक तुकडा मोज्यात निघाला, दुसरा सापडलाच नाही. पाचव्या हुकावर आता कोणाचा कप असेल, त्यानंतर केनियाची की कुठली मुलगी आली असं कळलं होतं.

त्या दिवशी रात्री मी आईला विचारलं, ताईचा कप आठवतो तुला, गुलाबी रेघेचा? आई डब्यांना लेबलं लावत होती. म्हणाली, "कुठला कप? आपल्याकडे कुठे होता तसला." खरंच आठवत नव्हतं तिला, नाटक नाही करत ती. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाली, "किती गुणी पोर होती. लग्नात साडी आणि स्टीलचा डबा दिलेला आपण, मोठा. कवठ्याकडे कुठेतरी दिलीय तिला." मग आणखी थोड्या वेळाने, "आपण कधी तिला परकं नाही मानलं. अगदी घरच्यासारखी होती." मी काही बोलले नाही. 'फॅमिलीचा भाग' असं तिथे पण म्हणायचे आणि ते खोटं बोलत नव्हते, आई पण नव्हती. फक्त 'घरची' आणि 'घरच्यासारखी' यात जे काही असतं ना, ते मी दोन्हीकडून बघून आले होते, आणि आईशी त्यावर भांडावं तर मी आठ पावलांवरच्या पोराला दार उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई सकाळच्या एसटीने गेली. साडेनऊला मावशी आल्या. मी खिडकीतला निळा कप काढून आधीच माझ्यासाठी घेतला होता आणि मावशींना ट्रेमधला धड, नवा कप दिला. "बसा ना मावशी," म्हटलं, खुर्चीही ओढली. "नको गं, अजून तीन घरं आहेत," म्हणाल्या आणि ओट्याला टेकून उभ्यानेच फुंकर मारत प्यायल्या. कान नसलेला कप भयंकर चटका देतो, मी ओढणीच्या टोकात धरून बसले होते. त्यांनी ते बघितलं, म्हणाल्या, "टाकून द्या की तो ताई, हात भाजंल." मग चहा संपवून त्यांनी आपला कप विसळला, फडक्याने बाहेरून पुसला, ट्रेकडे एकदा बघितलं, आणि नेऊन खिडकीत उपडा घातला.

मी तो उचलून ट्रेमधे ठेवणार होते. मग कॉल सुरू झाला. संध्याकाळी लाइट लावला तेव्हा तो तिथेच होता.